ऑनलाइन एमएमए खेळात स्वतःची संघटना उभी करताना: तिजोरी, जोड आणि दिलेला शब्द

जत्रेतला कुस्त्यांचा फड कसा उभा राहतो हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याचे ऑनलाइन एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणारी मिश्र लढत) व्यवस्थापन खेळातील निम्मे शिक्षण गावातच झालेले असते, असे माझे ठाम मत आहे. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते, पंच ठरवते, हलगीवाल्यांना निरोप धाडते, नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून चढत्या इनामाने शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत फड नेते. पण तिची खरी परीक्षा जोड बरोबरीची लागली की नाही, एवढ्या एकाच गोष्टीत होते. माळेगावच्या यात्रेत असो की एखाद्या वाडीवरच्या उरुसात, दोन डावांत उरकलेली एकतर्फी कुस्ती पाहून लोक उठतात आणि पुढच्या वर्षी वर्गणी देताना हात आखडता घेतात. संगणकावरच्या आखाड्यातही नेमके हेच घडते. मी काढलेली पहिली संघटना पाच महिन्यांत बंद पडली, दुसरी आजही चालू आहे, आणि दोहोंमधला फरक काय होता हे सविस्तर सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एमएमए टायकूनसारख्या ब्राउझरवर चालणाऱ्या खेळांत आपण स्वतः ठोसे मारत नाही. प्रत्येक खेळाडू हा मॅनेजर असतो. तो आपले फायटर घडवतो, त्यांचा सराव ठरवतो, लढतीची आखणी लिहून देतो, आणि संगणक दोन्ही बाजूंची कौशल्ये व आखणी ताडून लढत पार पाडतो. काही मॅनेजर पुढे जाऊन संघटना काढतात, म्हणजे इतरांच्या फायटरांना करार देतात, त्यांच्या जोडी लावतात, कार्यक्रम भरवतात आणि तिकिटांच्या उत्पन्नातून मानधन भागवतात. हे सारे पैसे खेळातले असले, तरी समोरचा मॅनेजर खरा, जिवंत माणूस असतो. प्रत्येक खेळाचे शुल्क, अटी आणि पडद्यावरची रचना वेगळी असते. म्हणून आपल्या खेळाचे नियमांचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हे पहिले काम होय. पुढे सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही खेळात उपयोगी पडतील अशाच निवडल्या आहेत.

आधी मॅनेजर म्हणून मुरावे

खाते उघडल्यानंतर लगेच संघटना काढण्याची घाई करू नये. निदान तीन-चार महिने आपले फायटर किमान दोन वेगवेगळ्या संघटनांत लढवावेत आणि मालक आपल्याशी कसा वागतो याची वहीत नोंद ठेवावी. करार झाल्यापासून पहिली लढत मिळेपर्यंत किती दिवस गेले, जोड नाकारल्यावर त्याचे उत्तर काय आले, जखमी फायटरला किती वाट पाहावी लागली, हरल्यानंतर पुढची जोड कोणत्या तोलाची मिळाली, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. मालक झाल्यावर समोरचे मॅनेजर तुमच्याविषयी हेच चार प्रश्न विचारणार असतात. माझ्या वहीत एका मालकाविषयी एकच ओळ आहे, ‘सहा आठवडे काही निरोप नाही’, आणि त्या ओळीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही मदत-पानाने शिकवले नाही.

याच काळात ओळखीही होतात. संघटनेच्या पहिल्या कार्यक्रमाला फायटर देणारे मॅनेजर बहुधा तुम्हाला आधीपासून ओळखणारेच असतात. अनोळखी माणसाच्या नव्या संघटनेत आपला उमदा फायटर कोणी पाठवत नाही, आणि पाठवूही नये.

तिजोरीचे गणित कागदावर

संघटनेचे उत्पन्न तिकिटांवर, तिकिटे प्रेक्षकांवर आणि प्रेक्षक फायटरांच्या नावलौकिकावर अवलंबून असतात. नव्या संघटनेकडे नाव असलेले फायटर नसतात, म्हणून सुरुवातीचे कार्यक्रम तोट्यातच जातात. हे अपयश नव्हे. तो ठरलेला खर्च आहे आणि तो आधीच मोजून ठेवला पाहिजे.

समजा, एका कार्यक्रमात आठ लढती आहेत, म्हणजे सोळा फायटर. प्रत्येकाला उतरण्याचे ५०० आणि जिंकल्यास आणखी ५०० असे मानधन ठरले, तर सोळा जणांचे ८,००० आणि आठ विजेत्यांचे ४,००० मिळून १२,००० होतात. सभागृहाचे भाडे ३,००० धरले तर खर्च १५,००० झाला. तिकिटांतून ९,००० आले, तर प्रत्येक कार्यक्रमाला ६,००० चा खड्डा पडतो. तिजोरीत ६०,००० असतील तर दहा कार्यक्रम निघतील, आणि दर पंधरवड्याला एक याप्रमाणे वीस आठवडे हाती राहतील. या वीस आठवड्यांत फायटरांचे नाव वाढून तिकिटांचे उत्पन्न १५,००० पर्यंत पोहोचले पाहिजे. आकडे तुमच्या खेळाप्रमाणे बदला, पण हा हिशेब मांडल्याशिवाय संघटनेच्या नोंदणीचे बटण दाबू नका. आपल्याकडे पेरणी करताना शेतकरी दुबार पेरणीचे बियाणे मनात धरूनच चालतो. तसा दुसऱ्या पेरणीपुरता पैसा तिजोरीत असावा.

खऱ्या जगातला दाखला पाहिला की हे मनावर ठसते. यूएफसी या अमेरिकी एमएमए संघटनेचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झाला, आणि जानेवारी २००१ मध्ये ती संघटना अवघ्या २० लाख डॉलरला विकली गेली. नव्या मालकांनीही त्यानंतर काही वर्षे तोटाच सोसला. एप्रिल २००५ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर यांची दूरचित्रवाणीवर गाजलेली लढत झाली, तेव्हा कुठे वारे फिरले. तीच संघटना २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली गेली. उलट बाजूला अ‍ॅफ्लिक्शनचे उदाहरण आहे. या कपड्यांच्या कंपनीने जुलै २००८ मध्ये मोठमोठी नावे एकाच कार्यक्रमात आणली आणि केवळ फायटरांच्या जाहीर मानधनावर ३३ लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. जानेवारी २००९ मध्ये दुसरा कार्यक्रम झाला. तिसरा, मुख्य लढतीतला एक फायटर उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे, होऊच शकला नाही आणि तो उद्योग तिथेच आटोपला.

माझ्या पहिल्या संघटनेत मी लहान प्रमाणावर हीच चूक केली. दोन नामांकित फायटरांना तिजोरीचा तिसरा हिस्सा देऊन बसलो. त्यातला एक पहिल्याच लढतीत जखमी झाला आणि दुसऱ्याच्या तोलाचा प्रतिस्पर्धी माझ्याकडे नव्हता. करार मात्र दोघांचेही पाळावे लागले.

वजनगट थोडे, पण भरलेले

एमएमएच्या सर्वमान्य नियमांत पुरुषांचे प्रचलित वजनगट फ्लायवेट (५६.७ किलो), बँटमवेट (६१.२), फेदरवेट (६५.८), लाइटवेट (७०.३), वेल्टरवेट (७७.१), मिडलवेट (८३.९), लाइट हेवीवेट (९३) आणि हेवीवेट (१२०.२) असे आठ आहेत. नवख्याला आठही गट उघडावेसे वाटतात. ते करू नये, आणि का करू नये हे साध्या गणिताने दिसते. पंधरवड्याला आठ लढती म्हणजे सोळा जागा. एका फायटरला सराव आणि विश्रांती धरून सहा आठवड्यांनी एकदा उतरवायचे ठरवले, तर सहा आठवड्यांत तीन कार्यक्रम आणि अठ्ठेचाळीस जागा होतात, म्हणजे अठ्ठेचाळीस फायटर हवेत. हे आठ गटांत वाटले तर प्रत्येक गटात सहा जण येतात आणि सहा जणांत एकूण पंधराच जोडी शक्य असतात. त्यातल्या निम्म्या विषम निघतात. तेच तीन गटांत वाटले तर प्रत्येकी सोळा जण आणि एकशे वीस जोडी. मग जोड निवडता येते. सहा जणांच्या गटात ती शोधत फिरावी लागते. यूएफसीनेही पहिली तीन वर्षे वजनगट ठेवलेच नव्हते आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये सुरुवात केली ती फक्त दोन गटांनी.

कोणते तीन निवडावेत हे ठरवण्यापूर्वी खेळात सध्या कोणत्या वजनाचे फायटर मोकळे आहेत, याची मोजदाद करावी. जड वजनालाच गर्दी होते हा समज आपल्या फडांतून आलेला आहे, पण तो डोक्यातून काढावा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते ५७ किलो गटात, म्हणजे जवळपास फ्लायवेटच्याच वजनात, आणि त्यांच्या कुस्त्यांना गर्दी कमी पडल्याचे मी कधी ऐकले नाही.

करार करताना

पहिल्या वर्षात तीन लढतींहून लांब करार देऊ नये. लांब कराराने फायटर बांधला जातो हे खरे, पण मालकही बांधला जातो; आणि पडती बाजू आली की न लढवलेले करार गळ्यात येतात. मानधनाचे उतरण्याचे आणि जिंकण्याचे असे दोन समान भाग ठेवले तर हरणाऱ्यालाही काही मिळते व जिंकणाऱ्याला ओढ राहते. एकाच तोलाच्या फायटरांना एकच दर द्यावा आणि तो उघडपणे सांगावा. मॅनेजर एकमेकांशी बोलतात. एकाला गुपचूप जास्त दिल्याचे आठवड्याच्या आत सर्वांना कळते.

कराराचा प्रस्ताव पाठवताना सोबत चार ओळींचा निरोप अवश्य लिहावा. बहुतेक खेळांत व्यवहार इंग्रजीत चालतो, पण तिथे अलंकारिक भाषेची गरज नसते. तुमचा हा फायटर मला का हवा आहे, पहिली लढत साधारण कोणत्या आठवड्यात मिळेल, जोड किती वेळा नाकारता येईल आणि जखमी झाल्यास करार कसा राहील, एवढे स्वच्छ लिहिले म्हणजे झाले.

जोड

आता मुख्य विषयाकडे येतो. जोड लावणे हेच मालकाचे खरे काम आहे आणि त्यासाठी कार्यक्रमामागे निदान दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात.

गावच्या फडात जाणता वस्ताद पोरांना समोरासमोर उभे करतो, खांदे पाहतो, कोण कोणत्या तालमीतला, किती दिवस मेहनत केलेला हे विचारतो आणि मगच हात उंचावतो. संगणकावर खांदे दिसत नाहीत. जय-पराजयाची नोंद दिसते, आणि ती फसवी असते. पाच विजय आणि शून्य पराभव असलेल्या फायटरने ते पाच विजय कोणावर मिळवले हे उघडून पाहावे. पाचही प्रतिस्पर्धी नवखे असतील, तर त्याची खरी जोड अनेक तगड्या लढती लढून तीन जिंकलेल्या आणि तीन हरलेल्या फायटराशी लागते. अशी जोड सुचवल्यावर पहिल्याचा मॅनेजर खूश होतो आणि दुसऱ्याचा मॅनेजर त्याहून खूश होतो. लढत मात्र अखेरच्या घंटेपर्यंत जाण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी गोष्ट शैलीची. दोन कुस्तीबाज समोरासमोर आले की पुष्कळदा दोघांची कुस्ती एकमेकांना निष्प्रभ करते आणि लढत उभ्यानेच मंद चालते. मारणारा विरुद्ध धरणारा ही जोड पाहणाऱ्याला समजते. पहिल्याला अंतर राखायचे आहे, दुसऱ्याला ते मोडायचे आहे. मुख्य लढतीसाठी मी शक्यतो अशीच जोड शोधतो.

तिसरी गोष्ट पराभवानंतरची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नवखे मालक जिंकलेल्यांची पुढची लढत आधी ठरवतात आणि हरलेल्यांना उरलेल्या जागा देतात. हे उलट करावे. हरलेल्या फायटरच्या मॅनेजरला दोन दिवसांत निरोप पाठवावा, त्याच्या लढतीतला एखादा नेमका क्षण लिहावा, आणि पुढची जोड त्याच्या तोलाची असेल असा शब्द द्यावा. दर कार्यक्रमात निम्मे फायटर हरणारच असतात; त्या निम्म्यांनी करार संपल्यावर काढता पाय घेतला तर तीन-चार महिन्यांत संघटना रिकामी होते. माझी पहिली संघटना पैशाअभावी बंद पडली असे मी बरेच दिवस समजत होतो. नंतर जुने निरोप वाचताना ध्यानात आले की हरलेल्यांपैकी एकालाही मी कधी स्वतःहून लिहिले नव्हते.

एकाच फायटरवर सारा डोलारा उभा करू नये, हेही इथेच सांगतो. एलिटएक्ससी या अमेरिकी संघटनेने किंबो स्लाइस या एका नावावर मोठ्या वाहिनीवरचे कार्यक्रम बेतले होते. ४ ऑक्टोबर २००८ रोजी त्याचा प्रतिस्पर्धी ऐनवेळी बदलला गेला, सेथ पेट्रुझेलीने त्याला १४ सेकंदांत हरवले, आणि त्याच महिन्यात संघटनेला कुलूप लागले. प्रत्येक गटात निदान तीन फायटर असे असावेत की त्यांपैकी कोणीही मुख्य लढतीत शोभेल.

जोड नाकारली गेली तर रागावू नये. एकदा नाकारणे हा मॅनेजरचा हक्क आहे. दुसऱ्यांदा कारण विचारावे. तिसऱ्यांदा करार सामोपचाराने सोडावा. हा नियम सर्वांना सारखा लावला तर कोणी तक्रार करत नाही.

वेळ, वीज आणि कार्यक्रमाची रात्र

खेळाचे घड्याळ बहुधा परदेशी असते. ते ब्रिटनचे असेल, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे असतो आणि उरलेल्या काळात साडेपाच तास. तिथल्या रात्री आठचा कार्यक्रम आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात मध्यरात्री साडेबाराला आणि हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होतो. तुमचे बहुतेक मॅनेजर कुठल्या देशांतले आहेत ते पाहून वेळ ठरवावी आणि ती कधीही बदलू नये. दर दुसऱ्या शनिवारी ठरलेल्या वेळी लढती असतात ही सवय लागली की लोक न सांगता येतात. आपल्याकडे रात्री-बेरात्री वीज जाते आणि तिच्यापाठोपाठ पुष्कळदा मोबाइलचे नेटवर्कही जाते, म्हणून शेवटच्या दिवसावर कोणतेही काम ठेवू नये. जोडी दहा दिवस आधी, स्वीकृती आठवडाभर आधी आणि लढतींचा क्रम तीन दिवस आधी लावून मोकळे व्हावे. पेरणीच्या दिवसांत मी एकदा चार दिवस शेतावर होतो, नेटवर्क नव्हते, आणि तेवढ्यात सात फायटरांचे करार संपले. सातांपैकी दोघेच परत आले. तेव्हापासून विश्वासू जोडीदाराला जोडी लावण्याचे अधिकार देऊन ठेवतो. तुमच्या खेळात अशी सोय असेल तर ती पहिल्याच महिन्यात वापरावी.

क्रम फडासारखाच चढता ठेवावा: आधी नवखे, मग ओळखीचे, शेवटी मानाची लढत.

पट्टा कधी ठेवावा

पहिल्या कार्यक्रमातच विजेतेपदाचा पट्टा ठेवण्याचा मोह आवरावा. महाराष्ट्र केसरीच्या गदेचे मोल कशाने आले ते पाहा. १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ती स्पर्धा पहिल्यांदा झाली. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून आलेले मल्ल माती आणि गादी अशा दोन विभागांत लढतात आणि दोन्हीकडचे विजेते अखेरीस समोरासमोर येतात. वाट लांब आहे म्हणून गदा जड आहे. आपल्या संघटनेतही एका गटातल्या प्रत्येकाच्या किमान दोन लढती होऊ द्याव्यात, वरच्या चौघांची नावे जाहीर करावीत, त्यांच्या उपांत्य लढती घ्याव्यात आणि मगच पट्ट्याची लढत ठेवावी. खऱ्या एमएमएत साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची पाच फेऱ्यांची असते. दमसास कमी असलेल्या फायटरच्या मॅनेजरला हा फरक आधीच लिहून कळवावा, म्हणजे त्याला सरावात बदल करता येईल.

स्वतःचे फायटर स्वतःच्या संघटनेत लढवायची मुभा अनेक खेळांत असते. लढवावेत, पण त्यांना कधीही सोपी जोड देऊ नये आणि पट्ट्याच्या वाटेवर आणू नये. कमिटीवाल्याच्या पुतण्याला सोपी कुस्ती लागली की फडात कुजबुज सुरू होते, आणि ती पुढे कशानेही थांबत नाही. दुसरे खाते काढून प्रेक्षक वा फायटर वाढवण्याचा विचारही करू नये. असे खाते सापडले की दोन्ही जातात. वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत एकाच वाय-फायवरून दोन-तीन मित्र खेळत असतील, तर खेळाच्या संचालकांना आधीच तसे कळवावे. मी लातूरला शिकत असताना आम्ही तिघांनी असे कळवले होते आणि पुढे कधी अडचण आली नाही.

पहिला कार्यक्रम झाल्यानंतरच्या सकाळी तीन कामे करावीत. हिशेब वहीत उतरवून तो आधीच्या कागदाशी ताडावा. ६,००० ऐवजी ९,००० चा खड्डा पडला असेल तर पुढच्या वेळी आठऐवजी सहा लढती घ्याव्यात, पण ठरलेले मानधन कापू नये. मग कोणाच्या करारात एकच लढत उरली आहे त्यांची यादी काढावी आणि त्यांच्या मॅनेजरांना करार संपायच्या आधीच नव्या कराराविषयी विचारावे. आणि हरलेल्या आठ जणांना आठ वेगवेगळे निरोप लिहावेत. एकच मजकूर आठ ठिकाणी चिकटवू नये. मला या कामाला साधारण पाऊण तास लागतो, आणि ते होईपर्यंत मी विजेत्यांची यादी उघडत नाही.